परसातलं तण: औषध विचारायच्या आधी मुळाचं की बियांचं ते बघा

काका, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत लिहिते. मुंबईहून रिटायर होऊन गुहागर तालुक्यात घर बांधलंत, मागच्या दीड गुंठ्यात डंपरने लाल माती आणून भरली, मे महिन्यात पॉवर टिलर फिरवून सगळं चकाचक केलं, भेंडी, पडवळ, काकडी लावली आणि जुलैत बघता तर गुडघाभर गवत. दोनदा गडी लावून काढून घेतलं तरी गणपती येईपर्यंत परत तेच, आणि आता विचारताय की कुठलं तणनाशक मारू.

औषधाचं सांगते पण शेवटी सांगते, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला जे दिसतंय त्यावर औषध हे उत्तरच नाहीये. रागावू नका, पण निम्मं काम तुमच्या टिलरने बिघडवलंय आणि उरलेलं त्या डंपरच्या मातीने. मी स्वतः हेच करून बसलेली आहे म्हणून एवढं ठामपणे बोलते.

मी दापोली तालुक्यातली, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, नारळी-पोफळीच्या आगरात सत्तावीस वर्षं भाजी करतेय, घरापुरती आणि उरली की बाजाराच्या दिवशी विकायला. लग्न होऊन आले तेव्हा मला माठ आणि काटेमाठ यातला फरक कळत नव्हता, सासूबाईंनी पहिल्या पावसात बेणणीला, म्हणजे तण काढायला, बसवलं आणि मी तणाबरोबर अर्धा वाफा लाल माठ उपटून ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी त्याच माठाची भाजी केली फक्त.

तर मुद्द्याचं. आपण सगळ्याला सरसकट 'गवत' म्हणतो तिथेच चूक होते. परसात तण दोन जातीचं असतं, एक जमिनीखालच्या गाठीतून किंवा मुळातून परत येणारं आणि दुसरं दरवर्षी बियांतून उगवणारं. दोघांचा इलाज एकमेकांच्या उलट आहे. बियांच्या तणाला वर वर खुरपलं तरी ते मेलं, मुळाच्या तणाला वर वर खुरपलं तर त्याला काही फरक पडत नाही. आणि टिलरने खोल ढवळलं तर मुळाचं तण चौपट होतं आणि बियांच्या तणाचं खाली गाडलेलं जुनं बी वर उजेडात येऊन उगवतं, म्हणजे दोन्हीकडून मार.

तुम्ही उद्या सकाळी एक करा. खुरपं घ्या, जिथे सगळ्यात दाट आहे तिथे वीतभर खोल एक ढेकूळ उचला आणि बादलीत पाण्यात हलवून धुवा. खाली काळपट, हरभऱ्याएवढ्या किंवा जरा मोठ्या गाठी, एकीला एक बारीक दोऱ्याने जोडलेल्या निघाल्या, तर तो लव्हाळा. नखाने एक गाठ फोडा, चांगला वास येतो, उटण्याची आठवण होईल, होणारच कारण हाच तो नागरमोथा. दिवाळीत आपण पैसे देऊन आणतो आणि बाकी वर्षभर शिव्या घालतो. न खणता ओळखायचं असेल तर फुलाचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा, गवताचा गोल लागतो, लव्हाळ्याचा तिकोनी, कडा बोटाला कळतात. तुमच्या फोटोत डावीकडच्या कोपऱ्यात तांबूस तुरे दिसतायत ते मला नव्वद टक्के लव्हाळ्याचेच वाटतात.

या लव्हाळ्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण कोकणात परसबाग सोडून देणारे निम्मे लोक याच्यामुळे सोडतात.

त्याच्या गाठी माळेसारख्या असतात. माळ अखंड असते तोवर टोकाची एखादी गाठ फुटते आणि बाकीच्या झोपून राहतात. माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्र, आणि प्रत्येकीला कोंब. आता विचार करा टिलरची पाती काय करतात. आमच्याकडे दोणीजवळ एका कोपऱ्यात, फार तर दोन सुपांएवढ्या जागेत लव्हाळा होता. दहा-बारा वर्षांपूर्वी मी हौसेने भाड्याने टिलर आणला, माणसाने त्या कोपऱ्यातून सुरू करून सगळ्या वाफ्यांतून फिरवला, जमीन इतकी छान भुसभुशीत झाली की मी फोटो काढून नणंदेला पाठवला. पुढच्या पावसात आख्ख्या आगरात लव्हाळा. पातींना चिकटून, मातीबरोबर ओढून गाठी सगळीकडे पेरल्या गेल्या होत्या, आणि पैसे मीच दिले होते. त्यातून बाहेर यायला मला तीन पावसाळे लागले.

कसं बाहेर आले ते सांगते. पहिलं म्हणजे उन्हाळ्यात खणून काढणं, पण कुदळीने किंवा काट्याच्या फावड्याने, टिलरने नाही. एप्रिल-मे मध्ये माती कोरडी असताना वीतभर खोल ढेकळं उलटी करायची, बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटातच असतात, थोड्या खाली जातात त्या जाऊ देत. माती वाळू चाळायच्या चाळणीवर टाकायची आणि जाळीवर राहिलेल्या गाठी पाटीत. कंटाळवाणं काम आहे, मी रोज सकाळी चहाच्या आधी एक हात बाय एक हात एवढंच करायचे, शेजारची पोरं मदतीला यायची कारण एका पाटीला एक पेप्सीकोला असा भाव होता. निघालेल्या गाठी कातळावर पसरून कडकडीत उन्हात आठ-दहा दिवस ठेवायच्या, वाळून खुळखुळल्या की मेल्या. ओलसर सावलीत ढीग करून ठेवाल तर महिन्यानेही कोंब येतील, आणि खताच्या खड्ड्यात तर अजिबात टाकू नका, मी ओळखते अशा लोकांना ज्यांनी टाकल्या आणि मग खताबरोबर सगळीकडे वाटल्या.

दुसरं, जे काही सुटलं ते पावसात वर येणारच, तेव्हा त्याला जेवू द्यायचं नाही. कोंब वर आला की आधी गाठीतला साठा खर्च होतो, मग पानं उन्हात अन्न बनवून खाली नव्या गाठी भरायला लागतात, आणि हे तीन आठवड्यांतच सुरू होतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी जमिनीसरशी कापायचं, न चुकता. उपटायची गरज नाही, उपटताना तसंही मानेशी तुटतं. पंधरा दिवसांचा महिना झाला की मागची मेहनत गेली, हे मात्र लक्षात ठेवा. तुम्ही गडी दोनदा लावलात ना, जुलैत आणि ऑगस्टअखेर? मधल्या पाच-सहा आठवड्यांत त्याने खाली गोदाम भरून घेतलं.

तिसरं म्हणजे सावली. लव्हाळ्याला सावली सहन होत नाही, हा त्याचा मोठा दुबळेपणा आहे आणि तो वापरायचा. ज्या वाफ्यात तो जास्त आहे तिथे मिरची, कांदा, मुळा असली उघडी पिकं लावूच नका. पावसाळ्यात रताळ्याचे वेल लावा, ते जमीन झाकून टाकतात, किंवा लाल भोपळा जमिनीवर सोडा. आणि एक वर्ष त्या वाफ्याची भाजी सोडायची तयारी असेल तर जूनमध्ये ताग दाट फेका, तो माणसाएवढा होतो, खाली काळोख, फुलावर यायच्या आत, साधारण दीड महिन्याने, कापून तिथेच आडवा टाका. मी दुसऱ्या वर्षी हेच केलं, सासूबाई म्हणाल्या भाजीच्या वाफ्यात तागाचं रान केलंय बघा, पण सप्टेंबरात तिथे लव्हाळा शोधावा लागत होता.

काळं प्लास्टिक अंथरलं की काम होईल असं कुणी सांगेल तर लव्हाळ्यापुरतं ते विसरा. त्याचा कोंब सुईसारखा असतो, मल्चिंग पेपर भोकं पाडून वर येतो.

हरळीचं प्रकरण थोडं वेगळं. तीच ती दूर्वा, गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी करायला लागते म्हणून कुणाच्याही परसात तिला आदराने ठेवलेली असते. ठेवा, पण कुंडीत ठेवा. ती वरून धावते आणि खालूनही धावते, पेरापेराला मुळं टाकते, तुकडा राहिला की नवीन झाड. बहुतेक वेळा ती वाफ्यात उगवत नाही, बाहेरून चालून येते, गडग्याकडून (दगडी कुंपणाकडून) किंवा पायवाटेवरून. म्हणून वाफ्याच्या कडेने वीतभर खोल चर ठेवा किंवा चिरे उभे पुरा, आणि चरात डोकावलेली टोकं आठवड्याला कोयतीने छाटा. आत शिरलेली असेल तर खराट्याच्या काड्यांसारखी तिची पांढरी टोकदार मुळं असतात ती माती सैल करून सबंध ओढून काढायची, ओढताना तुटली की थांबा आणि पुन्हा सैल करा. घाईने ओढून काही होत नाही.

आता बियांचं तण. यात टाकळा, कुर्डू, केना, काटेमाठ, ओसाडी, एकदांडी, भुईआवळा, लाजाळू, नाना तऱ्हेची गवतं, यादी संपणार नाही. यांच्यासाठी नियम एकच, फुलू द्यायचं नाही. बाकी सगळं त्याच्या खालोखाल. टाकळ्याच्या एका झाडाच्या शेंगा फुटल्या की त्याचं कडक टरफलाचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि थोडं थोडं उगवत राहतं. म्हणून तुम्हाला एक वेळ सगळं उपटायला जमलं नाही तरी चालेल, पण फुलाला आलेलं आधी कापा. अगदीच वेळ नसेल तर नुसते शेंडे छाटा.

आणि यातलं बरंचसं खायचं असतं हो. पहिल्या पावसानंतर टाकळ्याची कोवळी पानं, आठळ्या घालून, वर ओलं खोबरं, याच्यासारखी भाजी नाही. कुर्डूची, केन्याची, घोळीची पण करतात. मी जूनमध्ये पहिली बेणणी टोपली घेऊन करते, पण ओळखीचं असेल तेच घ्यायचं, शंका असेल तर शेजारच्या आजींना दाखवा, फोनवरच्या फोटोवरून ठरवू नका.

बियांच्या तणासाठी सगळ्यात मोठा फरक पडतो तो मी ज्याला 'खोटी पेरणी' म्हणते त्याने. वाफा तयार करायचा, सपाट करायचा, आणि काहीही न पेरता सोडून द्यायचा. रोहिणीतले वळवाचे दोन-तीन पाऊस पडले की आठ-दहा दिवसांत हिरवी साय धरल्यासारखं तण उगवून येतं. दोन पानांवर असतानाच, उघडीप बघून सकाळी खुरप्याने वरच्या वर खरडून टाकायचं, अर्ध्या बोटापेक्षा खोल जायचं नाही. जमल्यास अजून आठवडा थांबून परत एकदा. मग पेरायचं, आणि पेरताना फक्त बी टाकायच्या जागेलाच हात लावायचा, बाकी माती हलवायची नाही. लोक नेमके याच्या उलट करतात, आधी पेरतात आणि मग भेंडी आणि तण दोघं बरोबरीने धावतात, त्यात भेंडी हरते. दसऱ्यानंतरच्या हिवाळी भाजीला तर हे आणखी सोपं, कारण पाणी तुमच्या हातात. वाफा शिपून ठेवा, उगवू द्या, खरडा, मग लाल माठ आणि मुळा पेरा. माठासारखं बारीक बी तर याशिवाय मी पेरतच नाही, नाहीतर त्यात बेणणी करताना डोळे जातात.

जुने लोक तरव्याची, म्हणजे भाताची रोपं करायची, जागा भाजायचे, पातेरा (गळलेली सुकी पानं), कवळं (तोडलेल्या डहाळ्या), शेणी पसरून जाळायचे, त्यामागे तणाचं बी जळावं हाही हेतू होताच. पण दीड गुंठ्याच्या परसात, घराला लागून, मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ते करू नका, वणवे कसे लागतात ते इथे राहायला लागलात की बघालच. त्याऐवजी तोच पातेरा अंथरा, आणि भाजायचंच असेल तर उन्हाने भाजा. म्हणजे एप्रिलमध्ये वाफा ओला करून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक, पारदर्शक म्हणजे पारदर्शक, काळं नाही, मातीला चिकटून ताणायचं, चारी कडा मातीत गाडायच्या आणि पाच-सहा आठवडे हात लावायचा नाही. खाली वरच्या दोन-तीन बोटांतलं बरंचसं बी शिजून जातं. पाऊस यायच्या आत काढा आणि काढल्यावर खणू नका, खणलंत की खालचं जिवंत बी वर आलं. लव्हाळ्याच्या खोल गाठी याने मरत नाहीत, ते वेगळं.

पातेऱ्याबद्दल. फेब्रुवारी-मार्चला आंबा, काजू, फणसाखाली जेवढा पडेल तेवढा गोळा करून गोण्यांत भरून ठेवा, कुणी आंब्याची बाग साफ करत असेल तर मागून आणा. जाड पान आहे, लवकर कुजत नाही, बी नसतं. भाताचा पेंढाही चालतो पण त्यात भाताचं आणि गवताचं बी येतं आणि गाववाले म्हणतील गुरांच्या तोंडचं काढून जमिनीला घालताय. पण एक इशारा, आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, घाटावरचे लोक व्हिडिओत सांगतात तसा जूनमध्येच वीतभर थर दिलात तर खाली गोगलगाई, शंखगोगलगाई नांदायला लागतात आणि एका रात्रीत काकडीची रोपं साफ. मी पावसात दोन बोटांचा थर ठेवते, रोपाच्या खोडापासून चार बोटं लांब, आणि गणपती गेले, पाऊस ओसरला की तोच थर वीतभर करते. पुठ्ठे घालायचे असतील तर पावसाळ्यानंतर घाला, चिकटपट्ट्या काढून, आणि वाळवीवर लक्ष ठेवा, आपल्या मातीत वाळवीला पुठ्ठा म्हणजे पंगत.

वाफ्यांमधल्या वाटांवर नारळाची सोडणं अंथरा, उत्तम काम करतात, दोन वर्षं टिकतात. पण पालथी घाला. उताणी घातलीत तर प्रत्येकात पाणी साचणार आणि डासांची पैदास होणार. हे मला आमच्या आरोग्यसेविकेने दारात उभं राहून ऐकवलं होतं.

आता जी गोष्ट घाटावरून किंवा शहरातून आलेल्यांना कळतच नाही ती सांगते. पावसात उपटलेलं तण मरत नाही. तुमच्या गड्याने उपटून तिथेच वाफ्यात टाकलं असणार, बरोबर? उन्हाळ्यात ते तासाभरात सुकतं. जुलैत सतत ओल, ढग, ऊन नाही, चार दिवसांनी तेच उठून उभं राहतं. केना तर पेरापेराला मुळं टाकतो, एकाचे पाच होतात, मी एकदा उपटून ढीग करून ठेवलेला केना आठवड्याने उचलायला गेले तर ढीग जमिनीला शिवल्यासारखा चिकटला होता आणि त्याला निळी फुलं आली होती. म्हणून उपटल्यावर मुळाची माती झटकायची, पाटीत टाकायचं आणि वाफ्याबाहेर न्यायचं. मी गडग्यावर मुळं वर करून टाकते, किंवा माडाच्या बुंध्यापाशी उंच ढीग करते आणि वर झाप (माडाची विणलेली झावळी). बी नसलेलं असेल तर ते माडाला खतच आहे.

पावसात ओली माती असताना उपटणं सोपं जातं, मुळासकट येतं, पण वाफ्यात पाय देऊ नका, आपली माती ओली तुडवली की नंतर विटेसारखी होते. वाफा तीन-साडेतीन फुटांपेक्षा रुंद करूच नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. आणि हातमोजे घाला, लाजाळूचे काटे तर आहेतच पण हाताला पायाला जखम असताना चिखलात बसाल तर लेप्टो तापाची भीती असते, ही गंमत नाही. गमबूट आणि हातात काठी. गुडघाभर गवत झालंय म्हणता तर आधी काठी आपटत आपटत जा, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं किती असतं ते गावात कुणालाही विचारा, वीतभर-हातभर लांबीचं असतं, पातेऱ्याच्या रंगाचं, दिसत नाही.

ग्रासकटर वाटेवर आणि कडेला वापरा, वाफ्यात नाही. दोरी भेंडीच्या खोडाची साल सोलते आणि पिकलेलं गवत कापलंत तर बी सगळीकडे उडवते.

माती आणि खत, याकडे लक्ष द्या. डंपरची माती कुठून आली विचारलंत का? रस्त्याकडेची, पडीक जागेची वरची माती असेल तर तण फुकटात मिळालं. शेणखतही पूर्ण कुजलेलंच घ्या, गायरीतून (शेणाच्या खड्ड्यातून) काढलेलं वर्षभराचं, हाताने चुरगाळलं की मातीसारखं झालं पाहिजे आणि शेणाचा वास यायला नको. ओलं शेण थेट टाकलंत तर गुरांनी खाल्लेल्या प्रत्येक गवताचं बी तुमच्याकडे. नर्सरीच्या पिशव्यांमधूनही येतं, आंबुशी तर हमखास, तिची शेंग टचकन फुटून बी फूटभर लांब उडतं, रोप लावताना पिशवीच्या वरची एक बोट माती खरवडून टाका. आणि शोभेचं म्हणून ते पिवळ्या फुलांचं वेडेलिया कुंपणाला लावू नका, कुणी फुकट दिलं तरी. आमच्या पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कडेने ते इतकं पसरलंय की आता कुणी लावलं होतं ते कबूलच करत नाही.

पाण्याचं एक वाक्य: हिवाळ्या-उन्हाळ्यात तण तिथेच येतं जिथे पाणी पडतं, त्यामुळे पाटाने सगळा वाफा भिजवण्यापेक्षा झाडाच्या बुडाशी शिपा किंवा ठिबकची नळी टाका, निम्मी बेणणी वाचते.

मांडवाखालची जागा रिकामी ठेवू नका. पडवळ-दोडक्याच्या मांडवाखाली सावलीत हळद, आलं, अळू छान येतं आणि तणाला जागा उरत नाही. भाजी पेरल्यापासून पहिला महिना-दीड महिना सांभाळलात की नंतर झाड स्वतःच सावली धरतं, त्यामुळे सगळी ताकद त्या दिवसांत लावा. नंतर थोडंफार गवत राहिलं तर राहू दे, मला तर चकाचक परस बघितलं की उलट शंकाच येते की इथे काय मारलंय.

आणि आता तुमचं औषध. मी घरच्या भाजीत मारत नाही, कारणं सांगते. भाजीची बहुतेक झाडं रुंद पानांची, टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानांनाच मारतं. दोन वर्षांपूर्वी गडग्यापलीकडे बांधावर कुणीतरी मारलं, वाऱ्याने आलं, माझ्या भेंडीची आणि टोमॅटोची शेंड्याची पानं पिळवटून बोटांसारखी अरुंद झाली, फळ धरलंच नाही. मारणाऱ्याला माहीतही नव्हतं. ग्लायफोसेट समोर येईल ते मारतं, शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारने ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कुणी वापरू नये असं बंधन घातलं, त्यामुळे कुणी पाण्याच्या बाटलीत ओतून सुटं देत असेल तर घेऊ नका. पॅराक्वाट घराच्या आसपास नकोच, पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. पेंडीमिथॅलीन म्हणाल तर ते उगवायच्या आधी मारायचं असतं, उभ्या गवतावर त्याचा उपयोग नाही, आणि लव्हाळ्यावर तर नाहीच. शिवाय तुमची विहीर उताराला आहे असं लिहिलंय तुम्ही, आपल्या पावसात वर टाकलेलं खाली जातंच.

मीठ-व्हिनेगरचा उपाय विचारलाय. घरातलं व्हिनेगर कोवळ्या रोपट्यांची पानं जाळतं, खालची गाठ हसते. मीठ तर टाकूच नका. माडाच्या बुंध्यात मीठ घालतात ते बघून लोकांना वाटतं चालतं, पण माड वेगळा आणि मिरची वेगळी, खाडीकाठच्या खारात काय उगवतं ते बघून या एकदा. पाखाडीच्या आणि अंगणातल्या चिऱ्यांच्या फटीत मात्र उकळतं पाणी ओता, तेवढ्यापुरतं बरं पडतं.

तर सध्या, म्हणजे सप्टेंबरात, तुम्ही काय करायचं. या आठवड्यात फुलावर आलेलं सगळं कापून बाहेर काढा, टाकळ्याला पिवळी फुलं दिसत असतील तर पहिला तोच. लव्हाळ्याच्या भागाला चार खुंट्या ठोकून दोरी बांधा म्हणजे कळेल कुठे कुठे आहे, तिथे दर पंधरा दिवसांनी कोयती, कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या भागातलं अवजार धुतल्याशिवाय दुसऱ्या वाफ्यात न्यायचं नाही. दसऱ्यानंतर साफ भागातले फक्त तीन वाफे घ्या, तीनच, खोटी पेरणी करून माठ, मुळा, चवळी लावा, बाकी जागा पातेरा टाकून झाकून ठेवा. दीड गुंठा एकदम करायला जाल तर परत जुलै होईल. लव्हाळ्याची खणती एप्रिलला, चाळण आत्ताच आणून ठेवा कारण तेव्हा सगळ्यांची बांधकामं चालू असतात आणि मिळत नाही.

आणि अजून माती मागवणार आहात असं शेवटी लिहिलंय, तर डंपर आणायच्या आधी त्या जागेवरून एक घमेलं माती आणा, घराच्या कडेला ठेवा, रोज थोडं पाणी मारा आणि पंधरा-वीस दिवस बघा काय उगवतंय. तिकोनी दांडा दिसला तर डंपरवाल्याला नको म्हणून फोन करा.